रेघ पाण्याखाली गेली तरी बार्ज निघतोच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी अलिबाग तालुक्यातली, रेवस धक्क्यापासून चालत दहा मिनिटांवर माझं घर. नोकरी उरणला. म्हणजे रोज सकाळी रेवसहून लाँच पकडायची, करंजाला उतरायचं, तिथून रिक्षा मिळेल ती, आणि संध्याकाळी परत तेच उलटं. अकरा वर्षं झाली. रस्त्याने जायचं तर पोयनाड, वडखळ, पेण असा मोठा वळसा, दोन तास तरी धरायचेच, आणि लाँचने खाडी ओलांडायला पंधरा-वीस मिनिटं, त्यामुळे आमच्याकडचे कामावर जाणारे, कॉलेजची मुलं, मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या बायका, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं सगळ्यांची भिस्त या लाँचवर. या खाडीवरच्या पुलाचं लहानपणापासून ऐकतोय, तो होईल तेव्हा होईल.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मुंबई बंदराच्या दक्षिणेला धरमतरची खाडी समुद्राला मिळते, तोंडाशी एका अंगाला करंजा आणि दुसऱ्या अंगाला रेवस. आत गेलं की हीच खाडी धरमतरपर्यंत आणि पुढे अंबा नदी म्हणून नागोठण्याच्या दिशेने जाते. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले त्यात ही अंबा नदी १० नंबरचा जलमार्ग आहे, ४५ किलोमीटरचा. मोठी जहाजं आत येऊ शकत नाहीत, पाणीच तेवढं नाही, म्हणून ती बाहेर नांगर टाकतात आणि त्यांच्यातला माल बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींत, उतरवून बार्ज भरतीच्या पाण्यावर आत जातात. कोळसा, लोहखनिज, काय काय असतं. शिवाय रेती-खडीचे छोटे बार्ज वेगळेच. हे सगळे खाडीतून लांबीला जातात आणि आमची लाँच आडवी जाते. रस्ता आणि रेल्वे एकमेकांना छेदतात तिथे फाटक असतं, गेटमन असतो, भोंगा असतो. इथे यातलं काहीच नाही, तांडेलाचे, म्हणजे लाँच चालवणाऱ्याचे, डोळे आहेत बस.

आता गेल्या डिसेंबरमधली गोष्ट सांगते म्हणजे हे पत्र का लिहायला बसले ते कळेल.

करंजाहून संध्याकाळची लाँच. दिवस मावळलेला, पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालेलं, थोडं धुरकटही होतं. तीसेक माणसं आणि मध्ये दोन मोटरसायकली आडव्यातिडव्या लावलेल्या. मी नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, बाजूला बसले होते, समोर रेवसच्या धक्क्यावरचे दिवे दिसत होते, रोजचेच, त्यांच्याकडे कोण बघतं. पण बघता बघता ते दिवे एकेक करून दिसेनासे व्हायला लागले. आधी वाटलं लाइट गेली. मग कळलं की आमच्या आणि दिव्यांच्या मध्ये काहीतरी काळं सरकतंय. बार्ज होता. मागे केबिनवर एक पिवळट बल्ब, आणि त्याच्या पुढे पन्नास-साठ मीटर नुसता अंधार, कारण बोटीचं अंग पाण्याच्या वर उरलंच नव्हतं, वर दिसत होता तो फक्त मालाचा ढीग. तांडेल ओरडला, "सगली खाली बसा, कुनी उठू नका!" आणि इंजिन मागे टाकलं. लाँच थरथरली, वळली, आणि तो बार्ज आमच्या पुढून इतक्या जवळून गेला की ढिगावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला मोबाइलचा टॉर्च मला दिसला. तो बिचारा टॉर्च हलवून आम्हाला लांब व्हा सांगत होता. म्हणजे शेकडो टन माल घेऊन जाणाऱ्या बोटीचा पुढचा दिवा कोण, तर एका खलाशाचा मोबाइल.

मग त्याची लाट आली. एक मोटरसायकल आडवी झाली ती एका पोराच्या पायावर, पाणी आत आलं, माझ्या शेजारची मावशी पाटी सोडून समोरच्या बाईच्या लहान मुलीला धरून बसली. आमच्या तांडेलाने हातातली बत्ती बार्जवर मारली तेव्हा मी बघितलं, पाणी त्याच्या डेकवरून या बाजूने त्या बाजूला जात होतं. जात होतं म्हणजे खरंच जात होतं, डेक ओला होता असं नाही. कुणाचा बार्ज, कुठून आला, नाव काय, नंबर काय, काही दिसलं नाही. नाव जिथे लिहितात ती जागा पाण्यात असेल किंवा लिहिलेलंच नसेल.

रेवसला उतरल्यावर कुणी काही बोललं नाही. ज्या पोराचा पाय चेंगरला होता तो लंगडत गेला. मी घरी आले आणि वडिलांना सांगितलं. माझे वडील आयुष्यभर लाँचवर होते, आधी खलाशी मग तांडेल. त्यांनी एकच विचारलं, "रेघ दिसली का?"

ही रेघ म्हणजे काय ते वाचकांना माहीत असायला हवं म्हणून लिहिते. समुद्रात जाणाऱ्या मालवाहू जहाजाच्या दोन्ही अंगांना मधोमध एक फूटभर व्यासाचं वर्तुळ काढलेलं असतं आणि त्याच्या मधून दीड फूट लांबीची आडवी रेघ. बाजूला शिडीसारख्या आणखी छोट्या रेघा असतात, उन्हाळ्यासाठी वेगळी, हिवाळ्यासाठी वेगळी, गोड्या पाण्यासाठी वेगळी. खाडी-नदीतल्या बोटींना एवढी शिडी नसते पण किती बुडायचं याची खूण त्यांनाही ठरवून दिलेली असते. माल भरल्यावर बोट जास्तीत जास्त त्या खुणेपर्यंत बुडायला हवी, त्यापुढे नाही. वडील मला लहानपणी धक्क्यावर बसवून हेच दाखवायचे, तो बघ भरला, तो बघ अजून रिकामा, तो बघ जास्त भरलाय मेला. मला सायकल चालवायला यायच्या आधी हे वाचता यायचं. सांगायचा मुद्दा हा की हे कळायला इंजिनियर लागत नाही, धक्क्यावर बसलेल्या पोरीलाही कळतं.

आणि माल जास्त का भरतात त्याचा हिशेबही साधा आहे, मी स्वतः वहीत मांडून बघितला. साठ मीटर लांब आणि बारा मीटर रुंद बार्ज धरा, ढोबळ मानाने. त्याच्या तळाचं क्षेत्रफळ झालं ७२० चौरस मीटर. तो आणखी दहा सेंटीमीटर बुडाला म्हणजे ७२ घनमीटर पाणी बाजूला सारलं, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर टन माल जास्त. एक वीतभर जास्त बुडवला तर दीडशे टनाच्या आसपास. नऊ-दहा डंपर! डिझेल तेवढंच, खलाशी तेवढेच, भरतीही तीच, आणि नऊ-दहा डंपर माल फुकटात पोचला. दिवसाला दोनच भरत्या असतात, त्यातली एक रात्री, म्हणून जी फेरी मिळते तीत कोंबून घ्यायचं. मला मालवाहतूकवाल्यांचा राग नाही, माल जायलाच पाहिजे, तोच माल ट्रकने गेला तर आधीच मोडलेल्या आमच्या रस्त्यांची काय दशा होईल ते मला कळतं, पाण्यावरून गेलेलं केव्हाही चांगलं. सगळेच जास्त भरतात असंही मी म्हणत नाही, नीट दिवे लावून, नीट भरून, भोंगा देऊन जाणारे बार्जही मी रोज बघते. पण त्या वीतभर लोखंडाची किंमत बाकीच्यांनी मोजायची का एवढंच विचारतेय.

कारण ती वीत म्हणजेच बोटीचा जीव असतो. पाण्याच्या वर जेवढं अंग उरतं तेवढा बोटीला डुलायला वाव. बोट एका बाजूला कलली की त्या बाजूचं अंग पाण्यात जातं आणि पाणीच तिला परत उचलून सरळ करतं. पण अंगच शिल्लक नसेल तर कलल्या कलल्या डेक पाण्याखाली, आणि मग उचलणार कोण. त्यात हॅचवर, म्हणजे माल भरायच्या तोंडावर, नीट झाकण नसेल, नुसती ताडपत्री असेल, तर पाणी आत जातं आणि आत गेलेलं पाणी गप्प बसत नाही, बोट डावीकडे कलली की तेही डावीकडे धावतं आणि आणखी कलवतं. घरी परातीत पाणी घेऊन चालून बघा म्हणजे कळेल.

माल ओला असेल तर ते आणखी वाईट. खाडीतून सक्शन पंपाने काढलेली रेती ओलीच बार्जमध्ये पडते. लोहखनिजाचा बारीक चुरा पावसात भिजला की वरून सुका दिसतो आणि हादरे बसले की आतून चिखलासारखा वाहायला लागतो. ही माझ्या मनची भीती नाही, २००९ मध्ये आपल्याच देशात दोन मोठी जहाजं अशी गेली, जुलैमध्ये मंगळूरजवळ एशियन फॉरेस्ट आणि सप्टेंबरमध्ये पारादीपजवळ ब्लॅक रोज, दोन्हींत लोहखनिज होतं. ती तर समुद्रात चालणारी जहाजं. गोव्यात मांडवी, झुआरी आणि कुंभारजुव्याच्या कालव्यातून खनिजाचे बार्ज वर्षानुवर्षं चालले, तिथल्या जुन्या बार्जवाल्यांना हे सगळं तोंडपाठ आहे, त्यांना विचारा.

पावसाळ्याची अजून एक गंमत आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. खाऱ्या पाण्यात बोट जास्त तरंगते, गोड्या पाण्यात जास्त बुडते. तीन मीटर पाण्यात बसणारा बार्ज गोड्या पाण्यात आला की साधारण सात सेंटीमीटर आणखी खाली बसतो. बाहेर समुद्रात भरताना रेघेवर बरोब्बर असलेला बार्ज पावसाळ्यात नदीच्या लोंढ्यात शिरला की आपोआप खाली गेला, कुणी एक घमेलं न टाकता. आणि उथळ पाण्यात वेग वाढवला तरी बोट खाली बसते, तळ आणि चिखल यांच्यामधून पाणी ओढलं जातं म्हणून. हे सगळं धरून मालकाने थोडी जागा सोडायला हवी. तो उलट जास्त भरतो.

आता जे मला सगळ्यात जास्त टोचतं ते लिहिते. समुद्रावर टक्कर होऊ नये म्हणून जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, १९७२ चे, त्यात अरुंद वाटेसाठी एक नियम आहे. ज्या मोठ्या बोटीला खोल पाण्याची वाट सोडता येत नाही तिला लहान बोटींनी, मासेमारी करणाऱ्यांनी आणि आडवं जाणाऱ्यांनी अडथळा करायचा नाही. नियम म्हणून बरोबर आहे, मोठी बोट चिखलात कशी वळेल. पण बघा काय होतं. बार्ज जेवढा जास्त भरला तेवढी त्याची वाट अरुंद झाली, तेवढा तो बाजूला होऊ शकत नाही, तेवढा त्याला थांबायला जास्त वेळ, आणि तेवढी बाजूला व्हायची जबाबदारी आमच्या लाँचवर. बार्जला ब्रेक नसतो. इंजिन उलटं फिरवलं तरी भरलेला बार्ज पुढे जातच राहतो. म्हणजे त्याने जास्त भरायचं आणि सावरायचं आम्ही. डोल जाळं लावून बसलेल्या कोळ्याने ते कुठे हलवायचं, ते तर खुंटाला बांधलेलं असतं. बोडणी गावातल्या कितीतरी जणांची जाळी अशी फाटलेली मी बघितलीत, एक जाळं म्हणजे घरातल्या वर्षाच्या कमाईचा घास असतो.

हा पट्टा मुळात दुःखाचा आहे. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्याकडे अजूनही घरं आहेत जिथे गटारीला गोडधोड होत नाही. ती प्रवासी बोट होती हे खरं, पण मोठी लाट आली, माणसं एका बाजूला धावली आणि बोट कलंडली ती सरळ झालीच नाही, हे आमच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं एकच आहे. परवापरवाची गोष्ट, १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली, १५ जणांचा जीव गेला, आणि तेव्हा कळलं की बोटीत परवान्यापेक्षा जास्त माणसं होती. त्यानंतर काही दिवस सगळीकडे लाइफ जॅकेट, लाइफ जॅकेट. चांगलंच झालं. पण समोरून येणाऱ्या बोटीत किती माल आहे हे लाइफ जॅकेटने बदलत नाही.

बांगलादेशात बघा. तिथे रेतीच्या बोटी आमच्यासारख्याच, डेकपर्यंत पाण्यात, रात्री दिसत नाहीत. ३ मे २०२१ ला पद्मा नदीत एक स्पीडबोट काठाशी नांगरलेल्या रेतीच्या बोटीवर आदळली, २६ माणसं मेली. उभ्या बोटीवर! त्याच्या महिनाभर आधी, ४ एप्रिलला, नारायणगंजला शीतलक्ष्या नदीत मालवाहू जहाजाने प्रवासी लाँचला धडक दिली, ३४ गेले. नद्या वेगळ्या पण चित्र तेच, लांबीला जाणारा माल आणि मध्ये घरी निघालेली माणसं.

नीलकमल झालं तेव्हा मला वाटलं होतं आता तरी खाडीतल्या मालवाहतुकीकडे कुणी बघेल. कुणी बघितलं नाही. रेतीच्या बार्जवर कारवाई होते, नाही असं नाही. महसूलवाले येतात, बार्ज पकडतात, सक्शन पंप जप्त करतात, कधी गॅस कटरने बार्ज कापूनही टाकतात, फोटो पेपरात येतात. पण ती कारवाई असते रॉयल्टी बुडवली म्हणून. रेती चोरीची आहे का एवढंच तपासतात. तीच रेती पावती फाडून रीतसर काढलेली असेल आणि बार्ज नाकापर्यंत बुडालेला असेल तर त्याला कोण थांबवतं हे मला अकरा वर्षांत दिसलेलं नाही.

त्या डिसेंबरच्या प्रकारानंतर मी तक्रार करायची ठरवलं. एका कार्यालयात गेले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले हे आमच्या हद्दीत येत नाही, तिकडे जा. तिकडे गेले तर म्हणाले बार्जचं नाव सांगा. मी म्हटलं नाव दिसत नव्हतं हीच तर तक्रार आहे. म्हणाले मग फोटो द्या. अंधारात, हलत्या लाँचमध्ये, एका हाताने बाक धरलेला, मी फोटो काढत बसणार होते का? तिसऱ्या ठिकाणी लेखी अर्ज घेतला, पोच दिली, ती माझ्याकडे आहे. पुढे काही नाही. कुणी उद्धट बोललं नाही, खुर्ची दिली, एका ठिकाणी तर चहाही दिला. पण खाडीचं बंदर एकाकडे, रेती दुसऱ्याकडे, समुद्रातलं जहाज तिसऱ्याकडे, गुन्हा घडला तर सागरी पोलीस, आणि माणसं बुडायला लागली की तटरक्षक दल. वाचवायला मात्र ते येतात हो, जुलै २०२४ मध्ये अलिबागच्या किल्ल्याजवळ वादळी पावसात मालवाहू बोट भरकटली तेव्हा तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने १४ खलाशांना उचललं, आम्ही सगळ्यांनी ते व्हिडिओ बघितले, त्या मुलांना सलाम. पण हेलिकॉप्टर यायच्या आधीचं काम कुणाचं?

माझं म्हणणं फक्त एकाच गोष्टीभोवती आहे. ट्रक जास्त भरलाय का हे बघायला वजनकाटा लागतो, त्यासाठी जमीन लागते, मशीन लागतं. बार्जला काही लागत नाही, बार्ज स्वतःच वजनकाटा आहे. किती बुडाला ते त्याच्या अंगावर आकड्यांत लिहिलेलं असतं. आणि हे आकडे वाचले जात नाहीत असंही नाही! मोठ्या मालाच्या व्यवहारात माल किती उतरला, बिल किती लावायचं, हे बोट किती बुडाली यावरूनच काढतात. माणूस खाली वाकून, लाट शांत व्हायची वाट बघून, सेंटीमीटर सेंटीमीटर मोजतो, कागदावर सही होते. पैशासाठी सेंटीमीटर मोजता येतात तर जिवासाठी का नाही? तोच आकडा, तोच कागद, फक्त बार्ज सुटायच्या आधी मालकाच्या पगारावर नसलेल्या माणसाने बघायचा आणि जास्त असेल तर माल उतरवल्याशिवाय दोर सोडायचा नाही.

मालकाच्या पगारावर नसलेल्या, हे मी मुद्दाम लिहिलं. कारण ही लढाई दीडशे वर्षांपूर्वी एकदा झालेली आहे. इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसोल नावाचे खासदार होते. त्या काळी जुनाट जहाजं ओव्हरलोड करून पाठवायचे, बुडालं तर मालकाला विम्याचे पैसे, आणि सही करून चढलेल्या खलाशाने जायला नकार दिला तर खलाशालाच तुरुंग. प्लिमसोलनी यावर रान उठवलं, १८७५ मध्ये भर पार्लमेंटमध्ये इतके संतापले की त्यांना बाहेर जावं लागलं. १८७६ मध्ये कायदा झाला, जहाजावर रेघ मारलीच पाहिजे. पण रेघ कुठे मारायची ते मालकावर सोडलं! ती जागा कायद्याने ठरायला १८९० उजाडलं. मधली चौदा वर्षं रेघ होती आणि अर्थ नव्हता. आपल्याकडे २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, १९१७ चा जुना कायदा जाऊन तो आला, नोंदणी, तपासणी, खलाशांचं प्रमाणपत्र, सगळं त्यात आहे. कागद चांगलाच आहे. पण तपासणी कधीतरी ठरलेल्या दिवशी रिकाम्या बोटीची, आणि आम्हाला भेटतो तो भरलेला बार्ज, रात्रीचा.

त्या खलाशांबद्दलही लिहायलाच हवं. बार्जवर चार-सहा जण असतात, कुणी कोकणातला, कुणी बिहार-बंगालचा. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप. टक्कर झाली, बार्ज बुडाला, तर पहिले तेच जाणार. माल किती भरायचा ते त्यांना कुणी विचारत नाही. वडील सांगतात, तांडेल नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी दुसरा तांडेल. त्या रात्री ढिगावर मोबाइल हलवत उभा होता तो वीस-बावीस वर्षांचा मुलगा असेल, त्याच्याही अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. त्याला दोष देणारी मी कोण.

फेऱ्या वाढतील, खर्च वाढेल असं म्हणतील. वाढू दे थोडा. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं धडकली तेव्हा कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरलं आणि मुंबई आणि न्हावाशेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प होती, ते नुकसान कुणाच्या खिशातून गेलं? धरमतरच्या खाडीत मध्ये एक भरलेला बार्ज बसला तर तीच एकुलती वाट बंद, मग फेऱ्या वाढायचा प्रश्नच नाही, शून्यच.

आणि खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, शेतकऱ्यांचं राहिलं. माझ्या मामाचं शेत खाडीकाठी आहे. खोल बुडालेला बार्ज वेगाने गेला की त्याची लाट बांधावर आपटते, एकदा नाही, दिवसरात्र. उधाणाला कमजोर झालेल्या बांधाला खांड पडते, खारं पाणी भातात शिरतं, पुढची दोन-तीन वर्षं ती जमीन भात देत नाही. यावर वेगळं पत्र होईल, आता इथेच सोडते.

बाकी मागणं फार नाही. रात्री जाणाऱ्या बार्जच्या पुढच्या टोकाला खरा दिवा, मोबाइल नव्हे. नाव आणि नंबर डेकच्या वर केबिनवर मोठ्या अक्षरात, जिथे पाणी पोचत नाही. भरण्याची खूण पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाने दरवर्षी रंगवलेली, लांबून दिसेल अशी. भरतीच्या वेळा सगळ्यांना आधीपासून माहीत असतात, तेव्हा बार्ज केव्हा तोंडाशी येणार ते लाँचच्या तांडेलाला आधी कळवणं काही अवघड नाही, बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ नसेल तर फोन आहेच. आणि सुटताना बोट किती बुडालेली होती तो आकडा, वेळेसकट, लोकांना बघता येईल असा कुठेतरी. आज एसटी कुठे पोचली ते मोबाइलवर दिसतं.

हे सगळं व्हायला वेळ लागेल हे मला समजतं. एक गोष्ट मात्र उद्या होऊ शकते. रेवसच्या धक्क्यावर लाँचचं वेळापत्रक लावलंय आणि त्याच्या बाजूला तिकिटाचे दर. दोन्हींच्या मध्ये हातभर भिंत मोकळी आहे. तिथे एक पाटी लावा, बिनदिव्याचा किंवा रेघ बुडालेला बार्ज दिसला तर कुठल्या एका नंबरवर फोन करायचा, आणि तो नंबर रात्री उचलला जाईल असा असू दे. करंजालाही तशीच एक. रंग आणि ब्रश आम्ही प्रवासी आणतो.

आपली,
रेवस-करंजा लाँचची एक प्रवासी
ता. अलिबाग, जि. रायगड